विकत आणलेली

ही गोष्ट माझ्या घरात घडली आहे. ऐकीव नाही. पटणार नसेल तर खुशाल हसा. पहिले दोन दिवस आम्हीही हसलोच होतो.

मंगळवार होता. जानेवारी महिना. आमचं गाव एगुमाबा, घानाच्या किनाऱ्यावर, केप कोस्टपासून तासाभरावर. मंगळवारी आमच्याकडे कोणी मासेमारीला जात नाही, तो दिवस समुद्राचा. होड्या वाळूवर आणि माणसं घरी. त्यामुळे जे झालं ते घरच्या सगळ्यांसमोर झालं, आणि भर दुपारी झालं.

अराबा त्या दिवशी आली होती. ती विद्यापीठात मानववंशशास्त्र शिकवते. माझी आजी आणि तिची आजी बहिणी, असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. गुलामगिरीवर तिचा वीस वर्षांचा अभ्यास. माणसं जे तोंडाने बोलत नाहीत ते त्यांच्या हातची कला बोलते, हे तिचं लाडकं वाक्य. जेवताना मीठ मागितलं तरी ती ते ऐकवायची.

गावामागच्या झाडीत आमच्या पूर्वजांची भाजलेल्या मातीची डोकी मांडलेली आहेत. अराबा एका प्रदर्शनासाठी त्यांची चित्रं काढत होती. त्यातल्या एका बाईच्या दोन्ही गालांवर तीन-तीन तिरके वार कोरलेले होते.

आमच्या बायकांच्या गालांवर जमातीच्या खुणेचे असे वार कधीच नव्हते. ते उत्तरेकडचे, जिथली माणसं पूर्वी गुलाम म्हणून विकली जायची.

अराबाला कळून चुकलं. ही बाई बाजारातून विकत आणलेली होती.

आता आमच्याकडची रीत सांगते. विकत आणलेल्या माणसाला या घरात मुलं झाली की ती घरची. पुढे कोण मूळचा कुठला, हे कोणी उच्चारायचं नाही. शंभर वर्षं गेली तरी नाही. कारण एकदा उच्चारलं की त्या वंशाचा घरावरचा हक्क गेला. राहती खोली गेली, मेल्यावर घरच्या जमिनीतली जागा गेली.

अराबाला हे ठाऊक होतं. तिने यावर लेख लिहिला होता. गप्प बसणं ही दुसरी बेडी आहे, असं त्यात म्हटलं होतं.

त्या दुपारी माझ्या आजीला जाऊन वर्ष झाल्याचा विधी होता. अंगण भरलेलं. अटो मामा घराण्याचे प्रमुख. ते मद्य जमिनीवर ओतत एकेका पूर्वजाला नावाने हाक मारत होते. प्रत्येक नावाला आम्ही 'हो' म्हणत होतो.

शेवटचं नाव झालं.

आणि अराबा उभी राहिली.

"अजून एक राहिली, मामा. गालावर वार असलेली. विकत आणलेली. तिलाही बोलवा."

क्षणभर तिला फार हलकं वाटलं. मग तिची नजर तिच्या आईकडे, आमच्या एकुवा मावशीकडे गेली. मावशीच्या चेहऱ्यावर रक्ताचा थेंब उरला नव्हता.

"खाली बस," मामा म्हणाले.

'हो' कोणीच म्हटलं नाही...

म्हणजे आमच्यापैकी कोणी नाही. स्वयंपाकघराच्या मागून एक आवाज आला. एकच शब्द. कोणाला न कळणाऱ्या भाषेत. धन्याने हाक मारल्यावर द्यावी तशी ओ होती ती.

आणि मग...

खर्र. खर्र. खर्र.

परसात कोणीतरी झाडत होतं.

घरातल्या साऱ्या बायका पुढच्या अंगणात होत्या. मी मोजून पाहिल्या. अराबा मागे धावली, तिच्या मागे मी. झाडू खिळ्याला टांगलेला होता. तो झुलत होता. जमिनीवर झाडल्याच्या ताज्या रेघा होत्या.

पाऊल मात्र एकही उमटलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पाण्याचं पिंप कोणी न भरताच काठोकाठ भरलेलं. तिसऱ्या दिवशी मका दळून ठेवलेला. मामी म्हणाली, न मागता मोलकरीण मिळाली, हिला आता सोडू नका. आम्ही हसलो.

चौथ्या दिवशी मामा जेवून खुर्चीत डुलक्या घेत होते. कोणीतरी आपले पाय धूत आहे, असं त्यांना वाटलं. मामी असेल म्हणून त्यांनी डोळे उघडले नाहीत. मग मामीचा आवाज रस्त्यावरून आला...

पाय धुणं थांबलं नाही.

आम्ही पोचलो तेव्हा मामा रडत होते. पाय ओले होते. शेजारी घंगाळ होतं, आणि पाणी अजून हलत होतं.

त्यानंतर कोणी हसलं नाही.

अराबा झाडीत गेली. त्या दिवसांत वाळवंटाकडून कोरडा वारा येतो, ओठ फुटतात, जमीन तडकते. सगळी डोकी धुळीने पांढरी पडली होती. एकच ओलं होतं. कपाळावर थेंब, गालावरच्या वारांमधून ओघळ.

तो घाम होता.

इतकी वर्षं या डोक्यापुढे नैवेद्य ठेवून घराने या बाईला आजी म्हणून खाऊ घातलं होतं. खोटं असेल, पण त्या खोट्याच्या चटईवर ती निजली होती. अराबाने तिला उठवलं, आणि उठवताना हाक कोणत्या नावाने मारली? विकत आणलेली. मग ती उठून कामालाच लागणार. पण अराबा गप्प राहिली असती तर त्या बाईचं गाव, तिची भाषा, सगळं मातीतच गेलं असतं.

संध्याकाळी एकुवा मावशीने तिला जवळ बसवलं.

"ती कोणाची, हे तुला माहीत नव्हतं ना?"

"नाही."

"आपली. माझ्या आजीची आजी. माझ्या आईने मरताना मला सांगितलं. मी तुला मरताना सांगणार होते."

अराबा लहान मुलीसारखी रडली. आईचा सारा जन्म या घरातल्या खोलीत गेला होता. घरच्या जमिनीत तिने मेल्यावरची स्वतःची जागासुद्धा बघून ठेवली होती.

पुढच्या मंगळवारी भावकी बसली. मामांनी सोपा मार्ग काढला होता. अराबाने म्हणावं, मी चुकले, अशी बाई या घरात कधी नव्हतीच. मग ओतायचं मद्य आणि विषय संपला. ते मुळात वाईट नाहीत. त्यांना मावशीची खोली वाचवायची होती.

अराबा तयार झाली. आईसाठी ती आपलं सगळं लिखाण गिळायला तयार झाली. तिने तोंड उघडलं...

खर्र. खर्र.

मावशी उठली. तिने आपलं बसायचं लाकडी स्टूल उचललं आणि अंगणाच्या मधोमध ठेवलं.

"आजी, झाडू ठेव. मी तुझ्या लेकीच्या वंशातली. इथे येऊन बस. परस मी झाडते."

सगळ्या भावकीने ऐकलं.

मागचा आवाज अर्ध्यावर तुटला.

मग... स्टूल करकरलं. जड माणूस सावकाश टेकतं तसं.

मावशी परसात गेली आणि उरलेलं झाडून आली.

तिला कोणी जा म्हटलं नाही. आमचं घर सभ्य आहे. फक्त मार्चमध्ये तिची खोली दुसऱ्या कोणाला तरी लागली. अराबा तिला न्यायला आली तेव्हा ट्रंक मीच गाडीत ठेवली. त्या मातीच्या डोक्याला अराबाने हात लावला नव्हता. प्रदर्शनात त्याचं चित्र नाहीच.

"आई, ती आपल्याबरोबर येते आहे की इथेच राहणार?" अराबाने हळूच विचारलं.

"मी विचारलंय तिला. आजवर कोणी विचारलं नव्हतं. ठरवायला वेळ लागेल."

गाडी गेली.

त्याला आता आठ महिने झाले. झाडीतलं डोकं कोरडं आहे. पिंप आम्हीच भरतो. स्टूल अजून अंगणात मधोमध आहे, कोणी हलवत नाही. मुलंही वळसा घालून जातात.

तिला विकत आणणारे माझ्या आजीचे लोक होते. माझे. हे मी कोणाजवळ बोलत नाही.

काल दुपारी घरात कोणी नव्हतं. स्टुलाजवळून जाताना माझी पावलं थांबली. तोंडातून सहज निघून गेलं, "आजी, तुम्हाला काही हवंय का?"

विचारून झाल्यावर माझ्या लक्षात आलं की काय हवंय ते ती सांगूही शकते.

मी धावत घरात आले आणि दार लावून घेतलं. उत्तर आलं असेल तर ते मी ऐकलेलं नाही.