ओढ्यात राहिलेली वासना

कंदील जरा बारीक करा रे, आणि त्या कोपऱ्यातल्याने हसणं आवरावं. मी ऐकीव सांगत नाही. मैंदर्गीचा गुरुबसप्पा माझ्या चांगल्या ओळखीचा. मी तेव्हा दुधनी स्टेशनावर दिवे लावायच्या कामाला होतो. बत्तीस साल. पौषातली अवस, वार शनिवार.

गुरुबसप्पाला वास येत नसे. मानमोडीच्या साथीत ताप उतरला, पण जाताना वास घेऊन गेला. भाजी करपली तरी हा मजेत जेवायचा. आम्ही त्याला बिननाकाचा म्हणायचो. तो म्हणायचा, "नाक हाय की. शोभंला ठिवलंय."

त्या संध्याकाळी त्याच्या दाक्षायणीचा घसा सुजून बंद होत आला. पाच वर्षांची पोर, श्वास शिट्टीसारखा वाजायला लागला. वैद्याने हात टेकले. सोलापूरच्या दवाखान्यात नेलीस तर वाचेल, म्हणाला. सोलापूरची गाडी पहाटे दुधनीला मिळायची. बायको कमलम्मा स्वतःच तापाने आडवी होती. गुरुबसप्पाने एकट्यानेच बैलगाडीत कडबा अंथरला, पोरीला निजवलं आणि बैल जुंपले. मोठ्या रस्त्याने गेला असता तर रेल्वे चुकली असती. जवळची वाट चिंचेच्या ओढ्यातून जात होती.

शेजारची दगडाबाई आडवी आली. "आप्पा, त्या वाटंनं नगं जाऊस. तितं त्या बाईची वासना ऱ्हायलीया."

"ऱ्हाऊ दे की मावशी. मला कुटं येती?"

त्याची घरची बोली कानडी, आणि कानडीत वासने म्हणजे वास. त्याला वाटलं, ओढ्यात काहीतरी कुजलंय. मेलेल्याची इच्छा अडकून राहिली की आपण वासना राहिली म्हणतो, हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. मग दगडाबाईने गाडीबरोबर धावत सगळं सांगितलं. खडी फोडणाऱ्या टोळीतली एक बाई त्या ओढ्यात अवसेच्या रात्री बाळंत झाली होती. दिवा नव्हता. लेकराचं तोंडही तिला दिसलं नाही. अंधारात तिने त्याला छातीशी धरून एकदा हुंगलं, आणि गेली. टोळी लेकराला घेऊन पुढच्या गावाला निघून गेली. तेव्हापासून रात्री कुणी त्या वाटेने लेकरू नेलं, की ती हुंगायला येते...

गुरुबसप्पाने बैल थांबवले नाहीत.

"आली तर येऊ दे," तो म्हणाला. "माजी पोर गुदमरून मरायलीया, आन् मी मेलेल्या बाईला भिऊ?"

मला विचाराल तर त्याचं बरोबर होतं. पुढचं सगळं त्यानेच मला फलाटावर सांगितलं.

ओढ्याच्या उताराला बैल थबकले. दोघांनीही माना वर केल्या आणि वरचा ओठ उचलला, पार हिरड्या दिसेपर्यंत. अनोळखी वास आला की जनावर असं करतं. नुसत्या नाकाने त्याचं भागत नाही, वास तोंडात घेऊन बघतं. गुरुबसप्पानेही जोरात हवा ओढली. त्याला काहीच आलं नाही. चाबूक ओढला तरी बैल पाय उचलेनात.

मग त्याने गाडीला टांगलेला कंदील विझवला. त्यातलं घासलेट पटक्यावर ओतलं, पटका फाडला आणि दोन्ही बैलांच्या नाकांवर बांधला. त्या उग्र वासात दुसरा वास बुडाला. बैल चालले. पण आता उजेड नव्हता.

ओढ्याच्या मधोमध गाडी थांबली.

मागे कडबा वाजला.

मग आवाज आला. सूं... सूं... गाय वासराला हुंगते तसा. पोरीच्या डोक्यापाशी.

पोरीची शिट्टी बंद झाली. श्वासच ऐकू येईना.

गुरुबसप्पा वळला आणि त्या अंधाराकडे तोंड करून उभा राहिला.

"हुंग," तो म्हणाला. "नीट हुंग. गाईला आपलं वासरू कळतं. तुला कळत न्हाय व्हय? ही तुजी न्हाय. माजी हाय."

सूं...

"आनिक हुंग. मी हितंच हाय. हिला घेतल्याबगर मी जाणार न्हाय."

...

...

पोर खोकली. बैल आपणहून चालायला लागले.

पहाटे त्याची बैलगाडी स्टेशनात आली तेव्हा पोरीला मीच उतरवून घेतलं. डोक्याखाली हात घातला, तर तळवा तेलाने माखला. टाळू भरलेली होती. तान्ह्या बाळाची भरतात तशी, थापून थापून. तेल अजून कोमट होतं.

"हे कुणी घातलं?" मी विचारलं.

त्याने टाळूवरून बोट फिरवलं. "कमलम्मा तर उठलीबी न्हाय," एवढंच म्हणाला.

आमचा हमाल गैबीसाब पाण्याची बादली घेऊन धावला. धुऊन टाका, म्हणाला, नाहीतर ती पोरीच्या मागे येईल. गुरुबसप्पाने पोरीचं डोकं आपल्या छातीशी ओढलं.

"कुणी हात लावायचा न्हाय. बिचारीनं वळखलं, आपली न्हाय म्हनून. तरीबी माया करून गेली. ते मी पुसू व्हय?"

सोलापुरात पोर वाचली. गुरुबसप्पा आजही त्याच वाटेने दुधनीला येतो, रात्रीसुद्धा, आणि कुणी हटकलं तर त्याच्याच अंगावर धावून जातो.

पण त्या पहाटे, रेल्वे सुटल्यावर, मी माझा तळवा नाकाशी नेला. खोबरेल नव्हतं. करडईचं नव्हतं, एरंडेलही नव्हतं. त्या तेलाला वासच नव्हता...

आमच्या स्टेशनावर एक म्हातारं कुत्रं होतं. मास्तरांनाही चावलेलं, कुणालाच जवळ येऊ न देणारं. ते फलाटाच्या त्या टोकावरून सरळ माझ्याकडे आलं. माझा तळवा त्याने हुंगला. पुन्हा हुंगला. आणि पिल्लासारखं कुंई कुंई करत माझ्या पायांशी आडवं झालं.