न घेतलेले चावे

साडेदहा वाजले तसा निमिष ठोकळ्यांच्या डावातून उठला, गार कोपऱ्यात गेला आणि भिंतीकडे तोंड करून बसला. त्याला कुणी काही म्हटलं नव्हतं. भिंतीवरच्या फलकावर त्याच्या पट्टीचा पिवळा दिवासुद्धा अजून लागला नव्हता.

"काय रे राजा, काय झालं?" सारिकामावशीनं विचारलं.

"मी चावणार आहे," निमिष म्हणाला. वय वर्षं चार!

मावशी त्याच्या शेजारी टेकली. मिरजेतल्या या 'मऊभात' पाळणाघरात तिची बावीस वर्षं गेली होती. चावून रडणारी पोरं तिनं पाहिली होती, चावून खुदखुदणारीही पाहिली होती. पण चावण्याआधीच कोपरा गाठणारं पोर तिला पहिल्यांदाच भेटलं होतं.

आता ही पट्टी काय प्रकरण आहे ते सांगायला हवं. पाळणाघराच्या मालकीणबाई डोंगरे मॅडम यांनी दोन वर्षांपूर्वी चाहूलपट्ट्या आणल्या. दिसायला घड्याळाच्या पट्ट्यासारखी वस्तू, पण मुलाची नाडी, घाम, अंगाची ऊब, जबड्याच्या हालचालीचे हाडांतून येणारे बारीक हादरे असं सगळं मोजायची आणि पुढचं सांगायची. ताप सहा तास आधी सांगायची, चावणं दोन मिनिटं आधी. ताप येणार असला की भिंतीवरच्या फलकावर मुलाच्या नावापुढे लाल दिवा लागायचा, मग पालकांना फोन आणि मूल घरी. चावणार असलं की पिवळा, मग नियम सात: मुलाला दहा मिनिटं गार कोपऱ्यात बसवायचं. "शिक्षा म्हणून नाही हं, शांत होण्यासाठी," असं मॅडम बजावायच्या. भिंतीला निळा रंग होता, उशी मऊ होती. पण बाकीच्या पोरांना या बारकाव्याशी काय देणंघेणं? त्यांनी निमिषला 'चावरा' करून टाकलं होतं.

आणि गंमत बघा, निमिषनं आजवर एकालाही चावलं नव्हतं. चावण्याआधीच त्याला उचललं जायचं ना! संक्रांतीपासून एप्रिलपर्यंत एकशे बारा वेळा. आता जूनपासून तो शाळेत जाणार होता, आणि सोमवारी त्याची वर्तननोंद शाळेकडे जायची होती. चावऱ्या मुलाला तिथे वेगळ्या बाकावर बसवत.

त्याच दिवशी अकरा वाजता निमिषच्या नावापुढे लाल दिवा लागला. त्याची आई धावतपळत न्यायला आली.

"मावशी, आज किती वेळा?" तिनं हळूच विचारलं.

"एकदाही नाही हो."

"घरी माझ्या हातचा घास घेत नाही तो," आई म्हणाली. डोळे भरून आले होते. "म्हणतो, आई, तुझं बोट चावीन मी."

मावशीनं वाकून निमिषची चप्पल सरळ करून दिली.

पाच वाजता वेगळंच झालं. ओवी नावाची एक खिदळी पोरगी झोपेतून उठली ती तापानं फणफणलेली. फलकावर तिच्या नावापुढचा दिवा मात्र हिरवागार! मावशीनं तिला ओल्या फडक्यानं पुसलं, तिच्या बाबांना बोलावलं आणि मग निमिषच्या घरी फोन लावला.

"ताप? छे हो, अंगणात सायकल दामटतोय," आई म्हणाली.

मावशीनं फोन ठेवला. तिला संक्रांतीचं बोरन्हाण आठवलं. मुलांना काळे कपडे घातले होते, डोक्यावरून बोरं, चुरमुरे, तिळाच्या रेवड्या ओतायच्या होत्या. हलव्याच्या बिंदल्या मनगटात बसेनात म्हणून तिनं पट्ट्या काढून ठेवल्या होत्या. पट्टी काढायची नाही, हा नियम चार. पण पोरांना वर्षाचा सण, त्यात कसली आलीय पट्टी! तेवढ्यात बाहेर मॅडमची गाडी वाजली आणि तिनं घाईघाईत पट्ट्या परत अडकवल्या. पट्टीत नाव एकदाच भरलेलं असायचं. ती कुणाच्या हातात आहे, हे तिला कळत नसे.

तिनं ओवीच्या मनगटावरची पट्टी उलटी केली. आतल्या बाजूला बारीक अक्षरांत 'निमिष' लिहिलेलं होतं, आणि निमिष गेला होता तो ओवीची पट्टी घालून.

ते वाचून मावशी क्षणभर गोंधळली आणि मग तिला उमगलं. लाल आणि पिवळे दिवे मुलांच्या हातावर पेटतच नसत. ते भिंतीवरच्या फलकावर, पट्टीतल्या नावापुढे पेटत. साडेतीन महिने अंग ओवीचं होतं आणि कोपरा निमिषला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तिनं मॅडमना सगळं सांगितलं. मॅडमचा चेहरा पांढराफटक पडला.

"सारिकाताई, अहो केलंत काय हे! बरं, अजून वेळ गेलेली नाही. त्या एकशे बारा नोंदी ओवीच्या नावावर टाकू. संपलं."

"ओवीनं तरी कुणाला चावलंय, मॅडम?"

"नाही चावली, कारण आपण वेळेवर थांबवलं."

"कुणाला थांबवलं? निमिषला!" मावशीचा आवाज चढला. "ओवीला कुणी हातसुद्धा लावला नाही. ती आपली खेळत राहिली, पोरांच्या गळ्यात पडत राहिली. एकशे बारा वेळा पट्टी म्हणाली चावणार, आणि एकदाही चावली नाही ती. दाढा येताहेत तिला, म्हणून दात खाते. एवढंच आहे ते."

मॅडमनी फलकावरच्या बाकीच्या नावांवरून नजर फिरवली. मग अगदी बारीक आवाजात म्हणाल्या, "म्हणजे बाकीच्या मुलांचंही..."

"मला नाही माहीत," मावशी म्हणाली. "पण सोमवारी कुणाचीच नोंद जाणार नाही. गेली, तर मी बोरन्हाणाचं सगळं पालकांना सांगेन. मग माझी नोकरी राहो नाहीतर जावो."

नोंदी पुसल्या गेल्या आणि पिवळे दिवे बंद झाले. निमिष आला तेव्हा मावशीनं त्याला मांडीवर घेतलं, पट्टी काढली आणि त्याच्या गोऱ्या पडलेल्या मनगटाची पापी घेतली.

"चूक माझी होती रे सोन्या. तू कधीच कुणाला चावणार नव्हतास. जा, खेळ."

तो आधी नुसताच उभा राहिला. मग ठोकळ्यांपाशी गेला. अर्ध्या तासानं त्याचा मनोरा ओवीच्या मनोऱ्यावर कोसळला आणि दोघं खो खो हसू लागली. मावशीनं त्याचं हसणं कितीतरी दिवसांनी ऐकलं. हसता हसता त्यानं ओवीच्या गळ्यात हात टाकले. त्याचं तोंड उघडं होतं, तिच्या गालाजवळ.

मावशी कधी उठली, कधी झेपावली, तिचं तिलाच कळलं नाही. तिनं निमिषला दंडाला धरून मागे खेचलं होतं.

निमिषनं आपल्या उघड्या मनगटाकडे पाहिलं, मग मावशीकडे.

"मावशी," त्यानं विचारलं, "मी चावणार होतो का?"