धुळाजी ढवळतो

कडा रस्त्यावरच्या पंक्चरच्या दुकानात अंधार पडला की चाँदचाचा ही गोष्ट सांगतो. त्याच्या पुतण्याची, अल्ताफची.

पोळ्याच्या आदल्या रात्री अल्ताफ डबा घेऊन गावाच्या पाण्याच्या फिल्टरवर रातपाळीला गेला. बारावी सोडलेला पोरगा, धुळाजीच्या जागी लागलेला. ढवळायची मोटार जळाल्यापासून धुळाजी बांबूनं हौद ढवळायचा. तुरटी पडली की आधी जोरात, मग सावकाश. सावकाश ढवळलं की गाळाचे कापसासारखे पुंजके धरतात, जड होऊन तळाला बसतात. घाई केली की फुटतात. एका सकाळी धुळाजी त्याच हौदात तरंगताना सापडला. पाणी समितीचे मोहनराव म्हणाले, पिऊन पडला. धुळाजी सुपारीसुद्धा खात नव्हता, पण पारावरच्या सगळ्या म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. मोटार जळकीच राहिली.

त्या रात्री तलावाचं पाणी चहासारखं गढूळ आलं. मोहनराव जीप घेऊन आले.

"तुरटी वत अन् पाणी सोड. पहाटं नळ आले न्हाईत तर गाव माझ्या नावानं बोंबलंल."

"गाळ बसल्याबिगर सोडणार न्हाई, अण्णा. लेकरं हेच पितेत."

"मग उद्यापासनं येऊ नको."

"न्हाई येत. आज मातर हितंच हाय."

मोहनरावांनी स्वतःच वॉल्वच्या चाकाला हात घातला. लाइट गेली.

हौदात आवाज झाला. चुळूक... चुळूक...

जोरात. मग सावकाश.

"कोण हाय बे?" मोहनराव ओरडले.

अल्ताफनं मोबाइलचा उजेड पाडला. बांबू भिंतीला टांगलेला. कोरडा. हौदाजवळ कुणी नाही. पाणी मात्र गोल फिरत होतं. पुंजके धरत होते.

"अल्ताफ... कोण हाय रं?"

"तुमीच वळखा, अण्णा. पिऊन पडला म्हणला व्हता ना."

मोहनराव पळाले. चपला तिथंच. जीप फाट्यावरच्या दगडावर घातली.

अल्ताफ वॉल्वच्या चाकावर बसला. उजाडेपर्यंत उठला नाही. उजाडलं तेव्हा हौदाचा तळ दिसत होता. मगच त्यानं पाणी सोडलं.

सकाळी चाँदचाचा जीपचं चाक बदलायला मोहनरावांच्या दारात गेला. त्यांच्या घरी नळाचं पाणी चालत नाही, स्वतःची बोअर आहे. सूनबाईनं दोघांसमोर बोअरच्या पाण्याचा तांब्या भरून ठेवला. नितळ पाणी. मोहनरावांनी तो तोंडाला लावायला उचलला आणि तसाच धरून राहिले.

तांब्यात पांढरे पुंजके धरले होते. फिरत होते.

सावकाश...