आत्याच्या पदरातलं जावळ

बाहेरून कडी निघाली, तशी रत्नम्मा ज्वारीच्या पोत्यांमागं अंग चोरून बसली. तिचा भाऊ मल्लिकार्जुन, त्याच्या सहा महिन्यांच्या पोराचे दोन्ही हात मोडलेले निघाले होते. पोर दिवसभर असायचं ते विधवा आत्याच्या, म्हणजे तिच्याच मांडीवर. कालपासून घरच्यांनी तिला कोठीत कोंडलं होतं. चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात आत पत्रा नुसता तापत होता.

दारात फौजदार विरुपाक्ष उभे होते. आत आल्या त्या पोराला तपासलेल्या, सरकारी दवाखान्यातल्या लहान मुलांच्या डॉक्टर, दाक्षायणीबाई.

"पोर पडलं होतं?"

"न्हाय बाई."

"रडलं कधी?"

"परवा. आंगडं घालताना."

"हात ओढलास?"

"नुसता बाहीत घातला. सिद्धरामेश्वराची आण!"

"अंगावर कुठं वळ, सूज?"

"कायबी न्हाय."

"मग डोकं कुणी भादरलं? दुखणाईत पोराचं जावळ काढतं का कुणी?"

"चंद्रव्वानं. वहिनीची आई. दवाखान्यात न्यायच्या आदी, घाईघाईनं. लई जपती नातवाला. तिची सवताची दोन पोरं पाळण्यातच गेली की. माजं नाव पयल्यांदा तिनंच घेतलं."

"केस कुठं आहेत?"

"जावळ आत्याच्या पदरात पडतं. मी पदराला गाठ मारली. तिनं परत मागितलं, मी दिलं न्हाय."

बाईंनी गाठ सोडली आणि झरोक्यापाशी भिंग धरलं. एक केस चिमटीत घेतला. तो तट्कन तुटला.

"चल बाहेर," त्या म्हणाल्या.

सोप्यावर सगळे जमले होते. रत्नम्मा खांबाला टेकून उभी राहिली.

"हात कुणीच मोडलेले नाहीत," बाई म्हणाल्या. "हे केस बघा. राखाडी, काथ्यासारखे, प्रत्येकाला पीळ. हा फार क्वचित होणारा आजार आहे. अन्नातलं तांबं अंगी लागत नाही. केस तुटतात, तशी हाडंही, अंगडं घालतानासुद्धा. आईला काही होत नाही, पण तिच्या मुलग्यांत तो उतरतो. तिच्याकडे तो तिच्या आईकडून आलेला असतो." त्या वळल्या. "चंद्रव्वा, तुमच्या मुलांचे केस कसे होते?"

म्हातारी भिंतीला धरून खाली बसली.

"अस्सेच. डॉक्टरनं बघितलं आसतं तर माज्या लेकीचा, बसम्माचा दोष म्हनून तिला हाकलून दिलं आसतं."

"म्हणून डोकं भादरलं? आणि हिला तुरुंगात धाडत होतात?"

फौजदारांनी मान खाली घातली.

बसम्मानं पोराला छातीशी घेतलं. "बाई, बरा हुईल?"

"यावर औषध नाही अजून, पोरी."

मल्लिकार्जुन उठला. त्यानं बायकोकडं बघितलंही नाही. "आईला घे, पोराला घे, आन् चालती हो."

बसम्मा उठायला लागली. तिला जायला दुसरी जागा नव्हती, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. रत्नम्मा उंबऱ्यात जाऊन आडवी उभी राहिली.

"वहिनी, बस खाली," ती म्हणाली. "दादा, हिला काढायची तर आदी मला काढ."

बाहेरचं दार तिनं आपल्या हातानं लावून घेतलं.