सोनूबाईंचा प्रश्न

धर्मीबाईंनी मासेमारीची जाळी विणली ती सुती धाग्याची, त्यांच्या मुलीने, सोनूबाईंनी, नायलॉनची. आणि सोनूबाईंच्या मुलीने, मंदाकिनीने, समुद्रात हरवली तर आपोआप विरघळणाऱ्या धाग्याची. त्या मंदाकिनीची मुलगी तारिका. वय अकरा; जाळे विणण्याचा कंटाळा, प्रश्न विचारण्याचा मुळीच नाही.

मंदाकिनीला कर्करोग झाला होता आणि ती औषध घ्यायला तयार नव्हती. याच रोगाने सोनूबाई गेल्या होत्या. कर्कपेशी ज्या रासायनिक कात्र्यांनी शरीरातले जाळे कापतात, त्या बोथट करणारे औषध डॉ. इंदुमती पाठारे यांनी त्यांना दिले होते. तरीही रोग पसरला. "कात्री काढून घेतलीत, मग जाळं फाडलं कुणी?" असे सोनूबाईंनी विचारले, तेव्हा डॉक्टरीणबाई "उद्या सांगते" म्हणून उठल्या. त्यांना उत्तर सापडेपर्यंत ऐकणारी राहिली नाही. ते उत्तर मिळाल्याशिवाय सुई टोचून घेणार नाही, असे मंदाकिनीने बजावले होते.

म्हणून तारिका खाडी ओलांडून प्रयोगशाळेत गेली. इंदुमतीबाई आता फार थकल्या होत्या, पण दरारा तोच. त्यांनी आधी चपला बाहेर काढायला लावल्या, मग हात धुवायला, आणि मगच भिंगकक्षात (सूक्ष्मदर्शकाच्या खोलीत) नेले. तेथे तिच्या आईच्या, तपासणीसाठी काढलेल्या जिवंत पेशी भिंतीवर घागरीएवढ्या दिसत होत्या.

मुलांनो, आता नीट लक्ष द्या. निरोगी पेशी शेजारणींना चिकटून आपल्या जागी राहतात. त्यांच्याभोवती आधारजाळी (प्रथिनांच्या तंतूंचे विणकाम) असते. कर्कपेशी शेजारणींना सोडते, पुढे पाय काढते आणि विकरे (रासायनिक कात्र्या) वापरून तंतू कापत वाट करते.

इंदुमतीबाईंनी कात्र्या बंद करणारा थेंब सोडला. भिंतीवरची पेशी थबकली.

"झालं की," तारिका म्हणाली.

"बघत राहा. मी तेव्हा इथेच बघायचं थांबवलं होतं."

पेशीने पाय आत घेतला. ती मऊ, गोल झाली आणि तंतूंमधल्या फटीत शिरली. मध्येच अडकली.

"जाळ्यातल्या बांगड्यासारखी. डोकं गेलं, कल्ले अडकले," तारिका म्हणाली.

"कल्ले नव्हेत गं, केंद्रक (पेशीचा टणक गाभा)."

मग पेशीच्या आतले बारीक दोरे मागून आवळले गेले, केंद्रक चेपले आणि पेशी पलीकडे निसटली. एकही तंतू तुटला नव्हता.

तारिकाने भिंतीजवळ जाऊन तंतू न्याहाळले. "म्हणजे आजीचं जाळं कुणी फाडलंच नव्हतं."

मंदाकिनीला द्यायच्या नव्या औषधाचा एक भाग कात्र्या बंद करतो, दुसरा ते दोरे सैल सोडतो. इंदुमतीबाईंनी दुसऱ्या एका पेशीवर दोन्हींचे थेंब सोडले, तेव्हा ती फटीतच अडकून राहिली. माणसाच्या शरीरात हे दर वेळी साधत नाही, हेही इंदुमतीबाईंनी लपवले नाही.

"आईला तुम्ही सांगा," तारिका म्हणाली. "प्रश्न तुम्हाला विचारला होता."

इंदुमतीबाई काठी घेऊन होडीत बसल्या. मंदाकिनीच्या ओटीवर त्यांनी कात्रीपासून दोऱ्यांपर्यंत सारे सांगितले.

"हे तेव्हा कळलं असतं, तर आई वाचली असती?" मंदाकिनीने विचारले.

"नाही. दुसरं औषध नव्हतंच. पण 'मला माहीत नाही' एवढं तरी मी तिला सांगायला हवं होतं. ती वाट बघत गेली."

मंदाकिनीने अर्धवट विणलेले जाळे बाजूला ठेवले. मग तिने बाही वर केली.

"आईचं देणं फिटलं, डॉक्टरीणबाई. आता माझं बघा."