तीन पितळी बटणं

शिंपीकाका खुर्चीत बसले, उठले, खिडकीपाशी गेले आणि पुन्हा येऊन बसले. गळ्यातली मोजपट्टी ते बोटाला गुंडाळत होते आणि सोडत होते.

"वहिनी, यांना पाणी देऊ का?" भावोजींनी विचारलं.

"आधी बोलू द्या त्यांना."

इस्त्रीच्या दुकानावरच्या या एका खोलीतून वहिनी लोकांच्या भानगडी सोडवत. त्यांना सगळेच वहिनी म्हणत, पण भावोजी मात्र खरेखुरे दीर. बँकेतून निवृत्त झाल्यापासून वहिनींची टिपणं तेच लिहीत. अक्षर मोत्यासारखं, पण लिहिलेल्याचा अर्थ त्यांना दोन दिवसांनी लागे.

"माझी बायको चोरीला गेली," शिंपीकाका म्हणाले.

भावोजींचं पेन थांबलं.

"म्हणजे तिचा आवाज हो. लग्न ठरलं होतं तेव्हाची गोष्ट. एका प्रदर्शनात लाकडी खोपटं होतं. आत जाऊन तीन मिनिटं बोलायचं, की तुमच्या आवाजाची रेकॉर्ड हातात. आत जेमतेम एकाला जागा. ती आत गेली आणि मी तिची पिशवी धरून बाहेर उभा राहिलो."

"मग?"

"ती असताना तिनं लाजून रेकॉर्ड कधी लावूच दिली नाही. ती वारल्यावर घर बदललं. मुलानं रेकॉर्डांचं एक खोकं भंगारात दिलं, त्यात तीही गेली. अकरा वर्षं दर रविवारी आम्ही तिघं, मी, मुलगी आणि मुलगा, जुन्या बाजारात तीच शोधत फिरलो. कव्हरं चाळून बोटांची सालं निघाली. महिन्यापूर्वी मुलीच्या हाताला लागली, आणि गेल्या रविवारी घरातून नाहीशी झाली. तिचा आवाज जगात तेवढाच आहे, वहिनी."

"काय बोलल्या आहेत त्या?"

"बाजारातून काय काय घेतलं ते सांगते. मग हसते. पुढे नुसती खरखर." काका पुन्हा उठले. "हल्ली तर सगळंच बारीक ऐकू येतं. कानांनीही दगा दिला. सकाळ-संध्याकाळ लावायचो, तरी मन भरायचं नाही."

"रविवारी घरात कोण होतं?"

"मुलगी, मुलगा, आणि कपाटातल्या बाकीच्या रेकॉर्ड बघायला आलेला जुन्या मालाचा दुकानदार. मी तासभर खाली गिऱ्हाइकाचं माप घेत होतो."

शिंपीकाकांच्या घरात पुढच्या खोलीत कापडं बेतायचं लांब टेबल होतं आणि आतल्या खोलीत रेकॉर्डप्लेअर. शेजारी रेकॉर्डचं रिकामं कव्हर पडलेलं. प्लेअरच्या दांडीवर, सुईच्या डोक्यावर, चिकटपट्टीचा डाग होता आणि खालच्या बशीत कोटाची तीन जाड पितळी बटणं.

"ही मीच चिकटवली होती," काका म्हणाले. "सुई उड्या मारायला लागली. वजनाला एक बटण लावलं, मग दुसरं, मग तिसरं. ती कुणी काढली कोण जाणे." एवढं बोलून ते पुढच्या खोलीत गेले आणि उगाच कात्री पुसत बसले.

भावोजी वहिनींच्या कानाशी कुजबुजले, "चोराला बटणांशी काय देणंघेणं?"

"तेच म्हणतोय मी!" पुढच्या खोलीतून काकांचा आवाज आला.

वहिनींनी कव्हर उलटंपालटं करून पाहिलं. त्यावर प्रदर्शनाचा शिक्का होता आणि शाईनं लिहिलेली तारीख.

मुलगी शाळेत शिकवायची. तिनं आडपडदा ठेवला नाही. "धाकट्याचंच काम आहे हे. जुन्या वस्तू विकायचाच धंदा त्याचा. एकदा आईला भंगारात घातलं, आता दुसऱ्यांदा."

"रेकॉर्डच्या शेवटी काय आहे?"

"आई हसते, की संपलं."

बोलावून घेतलेला दुकानदार तर अंगावरच आला. "बघितली मी ती. पण चोरायची तर कव्हरासकट चोरली असती ना! शिक्का, तारीख, सगळं त्यावर. कव्हर नसेल तर त्या तबकडीला कुत्रं विचारणार नाही. विचारा त्या पोराला, त्यालाही माहीत आहे."

मुलगा दाराला टेकून उभा होता. हातात मोबाइल, आणि नजर सारखी त्यावर.

"कव्हर नसेल तर माल पडून राहतो, बरोबर आहे त्याचं," तो म्हणाला. "मी ती रेकॉर्ड धड ऐकलीसुद्धा नाही. आणली त्या दिवशी दारातूनच ऐकली. आत जायची हिंमत झाली नाही."

"काकांना फार लागलंय."

"बाबांचं हे असंच. आई आत बोलवत होती तेव्हा पिशवी धरून बाहेर उभे राहिले, आणि आता महिनाभर दिवसातून दहा वेळा ऐकत होते."

जिना उतरताना भावोजी म्हणाले, "दुकानदारच. फार तावातावानं बोलत होता."

"भावोजी, आज मोत्यासारखं लिहिलंत. आता ते वाचा."

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे कापडाच्या टेबलाभोवती जमले. काका तेवढे येरझारा घालत होते.

"काका, तुमचे कान ठणठणीत आहेत," वहिनींनी सुरुवात केली. "भावोजींची कुजबुज तुम्ही पलीकडच्या खोलीतून ऐकलीत. बारीक झालाय तो रेकॉर्डवरचा आवाज. खोपट्यातली ती तबकडी मऊ असते. प्रत्येक वेळी सुई ती खरवडते, आणि तुम्ही वर तीन बटणांचं वजन ठेवलंत."

काका जागच्या जागी थांबले. "म्हणजे... मीच पुसत होतो तिला?"

"नेणाऱ्याला हे कळलं होतं," वहिनी हळू आवाजात म्हणाल्या. "म्हणून बटणं काढल्याशिवाय त्याला राहवलं नाही. कव्हर त्यानं इथेच टाकलं, कारण त्याला विकायचं नव्हतं. त्याला आवाज वाचवायचा होता."

"पण कोण?" मुलीनं विचारलं.

"तुम्ही म्हणता, आई हसते की संपलं. काका म्हणतात, पुढे खरखर. मग आईनं काकांना आत बोलवलं, हे तुमच्या भावाला कसं कळलं? या घरात ते कुणाला कधी ऐकूच आलेलं नाही. तबकडी धुऊन, हलक्या सुईवर लावली तरच खरखरीखालचे शब्द वर येतील."

मुलाचा चेहरा उतरला. "स्टुडिओतला एक माणूस जुन्या रेकॉर्डची डिजिटल नक्कल करून देतो. मंगळवारी त्यानं थोडं ऐकवलं. पक्की नक्कल आज सकाळी मोबाइलवर आली."

"अरे, मग सांगायचं होतंस ना!"

"ताई, सांगितलं असतं तर बाबांनी दिली असती? माझ्या हातात?"

मुलगी खाली बघायला लागली. आपण काय काय बोललो ते तिला आठवत होतं.

मुलानं पिशवीतून मऊ अस्तरात गुंडाळलेली तबकडी काढून बापासमोर ठेवली. मग मोबाइल टेबलावर ठेवून बटण दाबलं.

तरुण बाईचा आवाज खोलीत आला, अगदी शेजारी उभी असल्यासारखा. दोऱ्याची रिळं घेतली, आरसा घेतला. मग ती हसली. आणि नंतर, जिथे इतके दिवस नुसती खरखर होती तिथे, ती म्हणाली, "अहो, बाहेर काय उभे आहात? आत या ना. मला एकटीला नाही बोलता येत."

शिंपीकाका अखेर खुर्चीत बसले. "मला वाटलं, आत जागा नसेल," ते पुटपुटले.

भावोजींनी वही मिटली.

मग काकांनी मुलाकडे पाहिलं आणि घाबरत घाबरत विचारलं, "अजून एकदा लावलं तर चालेल?"

"हवं तितक्या वेळा, बाबा," मुलगा म्हणाला. "ही नाही झिजत."