जाड रेघ

"रेघ आजही जाड आहे," चांगुणाबाईंनी आलेख आबारावांपुढं सरकवला. आवाजात राग नव्हता. काहीच नव्हतं.

भूमच्या एका कॉलेजात त्या भौतिकशास्त्र शिकवत. नखाएवढा अर्धवाहक लेसर त्यांच्या प्रयोगाचा जीव. त्यातल्या लहरी जात्यावरच्या बायांसारख्या एका तालात आल्या, की डोळ्याला न दिसणाऱ्या उजेडाचे ठोके पडत आणि आलेखावर केसासारख्या रेघा उमटत. महिनाभर त्या रेघा फुगत होत्या. बाईंनी शिपाई रामकिसनवर संशय घेऊन लेखी तक्रार दिली होती. दुपारी त्याची नोकरी जाणार होती.

आबाराव खाजगी तपासनीस. सोबत बलभीम, विचारानं सावकाश. दाराबाहेर पाण्याच्या टँकरसाठी लावलेल्या, राखेनं घासलेल्या पितळी घागरींची रांग लखलखत होती. बलभीमनं डोळे चोळले.

"यंत्राला हात लावला का, रामकिसन?" आबारावांनी विचारलं.

"न्हाय साहेब. म्या फकस्त दार उघडतो. बाईला लई उकडतं."

"टँकरची मोटार असंल!" बलभीम म्हणाला. "तिची खरखर विजेत शिरतीय."

चौकशीला बोलावलेला टँकरवाला गुंडाप्पा भडकला. "माझ्यावर नगा ढकलू! सोमवारी गाडी बंद पडली, आलोच न्हाय."

आबारावांनी बाईंची वही चाळली. रोज टँकर येऊन गेला की रेघ बारीक. सोमवारी मात्र दिवसभर जाड.

"बाई, तुमचं पाणी कोण भरतं?"

"घरी गेले की ओट्यावर भरलेली घागर असते. कधी विचारलं नाही."

आबाराव सगळ्यांना दारात घेऊन आले.

"हितं माणसं उभी ऱ्हात न्हाईत, भांडी नंबर धरतात. टँकर आला की उठतात. न्हाय आला की दिवसभर बसतात. तवा रेघ बिघडवणारा टँकर न्हाय, त्याची वाट बघणारं हाय. टेबलावरनं सुटलेला उजेड दारातनं जातो, पैल्या घागरीवर आपटतो, माघारी लेसरात शिरतो. ताल मोडायला तेवढा कण बी पुरतो. दिसत न्हाय, म्हणून कळलं न्हाय."

त्यांनी खांद्यावरचा पंचा घागरीवर टाकला. आत यंत्राची लेखणी थरथरली आणि बारीक रेघ ओढू लागली.

"पण घागर कुणाची?" बलभीमनं विचारलं.

आबारावांनी पंचा जरा वर केला. गळ्याशी ठोकून कोरलेलं नाव होतं: चांगुणा.

रामकिसन खाली बघत म्हणाला, "बाईला रांगेला येळ कुठला? पैला नंबर म्या लावतो."

"बोलला का नाहीत?" चांगुणाबाईंनी विचारलं.

"कुणी इचारलंच न्हाय."

चांगुणाबाईंनी घागर उचलली.

"नंबर जाईल, बाई!"

"जाऊ दे."

ती कडेवर घेऊन त्या तक्रार मागं घ्यायला प्राचार्यांच्या खोलीकडं निघाल्या. उन्हानं तापलेलं पितळ कमरेला चटके देत होतं. कितीतरी दिवसांनी त्यांना काहीतरी जाणवत होतं.